खडकताऱ्याचं स्थलांतर

१४ मे

चिंगीने माझ्याकडे एकदा बघितलं, दार आपटलं आणि दादा-वहिनींच्या खोलीत झोपायला निघून गेली. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. खोली तिची, पलंग तिचा, भिंतीवरचे गायकांचे फोटो तिचे, आणि मधोमध हा पंचेचाळिशीतला काका, एक फुगलेली बॅग आणि चिखलाचे बूट. दादा म्हणाला, "लक्ष देऊ नकोस रे, चौदाव्या वर्षी सगळेच दारं आपटतात." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तर अजून आपटता." 

कॉलेजात इतकी वर्षं कंत्राटावर वनस्पतिशास्त्र शिकवलं. या वर्षी कंत्राट पुढे गेलं नाही, आणि का गेलं नाही हे कुणी सांगितलंही नाही. दादाने इथल्या बांधकाम कंपनीकडे शब्द टाकला. काम असं: वसाहतीमागच्या माळावर दुसऱ्या टप्प्याच्या इमारती यायच्या आहेत. पण त्या माळावर खडकतारा आहे, एक बारीकसं रानरोप, आणि तो फार कमी उरलाय. त्यामुळे आधी तो दुसरीकडे हलवून जगवून दाखवायचा, मगच माळाला हात लावायचा, असा नियम आहे. हलवणारा मी.

मॅडम, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या गुरू, म्हणायच्या की फील्डवरच्या वहीत फक्त दिसलेलं लिहायचं, मनातलं दुसरीकडे लिहायचं. तर हे दुसरीकडे.

१७ मे

माळ बघून आलो. पूर्वी कॉलेजच्या मुलांना घेऊन इथे बऱ्याचदा आलोय. खडकतारा ज्याला माहीत नाही तो त्याच्यावर पाय देऊन पुढे जाईल. बोटभर उंची, जाडसर लवदार पानं. फुलला की पांढरी पाच पाकळ्यांची चांदणी, मधे पिवळा ठिपका. खडकावर अंगठाभर माती साचली की त्याला पुरते. त्याहून जास्त दिली तर तिथे गवत येतं आणि गवत त्याला खातं.

मॅडमनी तरुणपणी जुन्या लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकेकाळी तो नदीच्या काठापासून पार दगडखाणीपर्यंत होता. मग काठावर वस्ती झाली. मग गिरणी, गिरणीची घरं, मोठा रस्ता, आणि शेवटी आमची ही वसाहत. माणूस वर वर येत गेला आणि खडकतारा त्याच्यापुढे वर सरकत गेला, असं वाटतं. तसं काही झालेलं नाही. झाडं सरकत नाहीत. खालची मेली, वरची राहिली.

कंपनीचा साइट इंजिनिअर तरुण आहे, सभ्य आहे, उन्हात छत्री घेऊन फिरतो आणि प्रत्येक वाक्याला "नो टेन्शन सर" म्हणतो. त्याने मला "संरक्षित पट्टा" दाखवला: चालण्याचा ट्रॅक आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली लांबट जागा. माळावरचेच खडक आणून पसरलेत. तयारी मनापासून केली आहे. मला जरा आश्चर्यच वाटलं.

"पावसाच्या आधी हलवा, फुलं आली की रिपोर्ट द्या," तो म्हणाला. "नो टेन्शन सर."

२१ मे

कुठला उचलायचा ते ठरवलं. माळाच्या पूर्व कडेला तो असा माजलाय की पाय टाकायला जागा नाही. एक ओढला की बाजूचे दहा हलतात. खाली मुळांची जाळीच जाळी. सतरंजीसारखा गुंडाळून नेता येईल. बाकी माळभर मात्र भेगाभेगांत एकेकटी रोपं, खुरटी, पिवळी, उन्हाने करपलेली. त्यातली काही काढून बघितली. अख्खी सकाळ गेली आणि हातात आली ती तुटकी मुळं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळीकडून थोडा थोडा घे."

"मॅडम, भेगांतला जगत नाही."

"दहातला एक जगेल. तोही घे."

"वेळ नाहीये हो. पाऊस तोंडावर आलाय."

"मग त्यांना सांग, वेळ द्या."

मॅडमना कंत्राट म्हणजे काय ते माहीत नाही. त्या कायम नोकरीत होत्या. आणि उद्या अर्धी रोपं मेली, तर कंपनी म्हणणार, हा माणूस कुठून आणला. दादाचं नाव खराब होणार. जोमदार आहे तोच उचलायचा. साधा हिशेब आहे, जगायला जोम लागतो.

२ जून

आज शेवटची खेप झाली. पूर्व कडेचा अख्खा गालिचा पट्ट्यात आला. मजुरांनी लहान मूल धरावं तसे ट्रे धरले. मी त्यांच्यावर दिवसभर इतका ओरडलो की घसा बसला, तरी ते हसत होते. वहिनी थर्मास भरून कॉफी घेऊन आल्या. "एवढं बारीक झाड? मला वाटलं काहीतरी मोठं असेल," म्हणाल्या. मग उकिडव्या बसून त्यांनीही दोन तुकडे खडकावर बसवले, पोरांना पांघरूण घालावं तसे चारी बाजूंनी दाबून.

दादा ऑफिसातून थेट तिथेच आला. ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "हा माझा धाकटा भाऊ. शास्त्रज्ञ आहे." मी शास्त्रज्ञ नाही. पण बऱ्याच वर्षांत माझ्याविषयी कुणी असं मोठ्या आवाजात काही बोललं नव्हतं.

३ जून

पाठ गेली कामातून.

२३ जून

सोसायटीत गोंधळ. खेळायच्या मैदानात अनवाणी पळणाऱ्या एका पोराच्या पायाला माशी चावली, पाय सुजला. आई रडत दादाकडे आली, कारण दादा सेक्रेटरी. मैदानाच्या कडेच्या उघड्या मातीत बारीक बारीक भोकं आहेत आणि भोकाभोकात माश्या. कुंपणापलीकडे माळापर्यंत तशीच.

दादाने मला नेलं. "तुला यातलं कळतं. काय आहे हे?"

मी म्हटलं, मातीत राहणाऱ्या मधमाश्या आहेत, मोहोळ करत नाहीत, मध देत नाहीत, पायाखाली आल्याशिवाय चावत नाहीत. काही दिवसांनी आपोआप कमी होतील.

"आपोआप म्हणून कमिटी ऐकणार नाही. फवारणीवाला बोलावतो. आणि सगळीकडे तयार हिरवळ टाकून घेतो, म्हणजे माती उघडी राहायलाच नको. चालेल ना?"

चालेल ना असं विचारताना तो मान आधीच हलवतो. ती आई समोर उभी होती, पोर तिच्या कडेवर. मी या घरात पाहुणा. म्हटलं, चालेल. अगदी माळाच्या टोकापर्यंत फवारलं. दिवसभर वास येत होता. वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या.

९ जुलै

नवे कोंब! सगळीकडे. एकही तुकडा वाळला नाही. मी ट्रॅकवर येरझारा घालत होतो. चालायला आलेल्या एका आजोबांना हात धरून दाखवले. ते म्हणाले, "बरं आहे." त्यांना काही दिसलं नसावं. मला मात्र आज जेवण जास्त गेलं.

चिंगीने पहिल्यांदा आपण होऊन प्रश्न विचारला: "काका, तू इथून कधी जाणार?" वहिनींनी डोळे वटारले. मी म्हटलं, फुलं आली की. ती म्हणाली, "मग लवकर येऊ देत." दोघंही हसलो.

२८ ऑगस्ट

फुलला. काय फुलला! इतकी वर्षं बघतोय, माळावर असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. पान दिसत नाही, नुसतं पांढरं. ट्रॅकवरचे लोक थांबतात, फोटो काढतात. साइट इंजिनिअर छत्री मिटून उभा राहिला. "सर, हे तर जादू आहे," म्हणाला.

दादा रोज रात्री जेवताना रिपोर्टचं विचारतो. "झाला का? कुठे अडलंय? कधी देणार?" त्याला माझी काळजी लागून राहिलेली दिसते. रिपोर्ट गेला की कंपनी मला पुढच्या कामाला ठेवेल, असं त्याला वाटत असणार. आईबाबा गेल्यापासून हा माणूस माझ्यासाठी जीव टाकतो. मी त्याच्यासाठी काय केलं, असा विचार आला की खजील होतो.

३१ ऑगस्ट

मॅडमना फोटो पाठवले. उलट फोन आला. मला वाटलं शाबासकी मिळणार.

"फळ धरलं का?"

"अजून नाही, आत्ताच तर फुललाय."

"मग बी बघितल्याशिवाय काही लिहून देऊ नकोस. फुलणं म्हणजे जगणं नव्हे. घाबरलेलं झाडही फुलतं."

त्यांचं नेहमीचंच. माझ्या प्रबंधाच्या वेळीही शेवटच्या पानापर्यंत असंच. आनंद त्यांना पचत नाही.

१० सप्टेंबर

रिपोर्ट दिला. "स्थलांतर यशस्वी" असं लिहिलं. "यशस्वी" शब्दाशी बराच वेळ थांबलो. मग वाटलं, समोर एवढं पांढरंशुभ्र दिसतंय, त्याला दुसरं काय म्हणायचं? इंजिनिअरने तिथल्या तिथे मला विचारलं, माळाचं काम डिसेंबरशिवाय सुरू होत नाही, तोवर भेगांतलीही काही रोपं आणायची का. मी म्हटलं, बघू, सावकाश आणू.

दादाने मला मिठी मारली. केक आणला. वहिनींनी तो कापला, पण स्वतः घेतला नाही. "गोड नको वाटतंय," म्हणाल्या. चिंगीने दोन तुकडे खाल्ले.

१९ सप्टेंबर

माळावर मशीन लागलं.

आधी वाटलं खालच्या रस्त्याचं काम असेल. आवाज कुठून येतोय ते कळायला वेळ लागला. धावत गेलो. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ ओढत चालले होते, खडकाचा वरचा थर सोलून. मी इंजिनिअरला म्हटलं, "डिसेंबर म्हणाला होतात!"

तो खरंच गोंधळला. "पण सर, तुमचा रिपोर्ट आला ना. रिपोर्ट आल्यावर थांबायचं कशाला? वरून फोन आला, लगेच घ्या म्हणून." मग हळू आवाजात, "तुम्ही आनंदात असाल असं वाटलं होतं."

भेगांतली रोपं आणायला आता भेगाच नाहीत. स्वतःला समजावलं: ती खुरटीच होती. चांगला माल इकडे आला आहे.

४ ऑक्टोबर

फुलं गळतायत. देठासकट, स्वच्छ. एकाही देठावर फळाची गाठ नाही. पहिल्या आठवड्यात म्हटलं उशिरा धरत असेल. आता तसं म्हणवत नाही.

सकाळपासून पट्ट्याजवळ स्टूल टाकून बसलो. एक फुलपाखरू आलं, थोडं हिंडलं, गेलं. मुंग्या. बाकी कुणीही नाही. दुपार झाली तरी फुलावर माशी बसली नाही. माळावर याच दिवसांत खडकताऱ्यावर कशी गुणगुण असायची! बारीक, करड्या, मातीत राहणाऱ्या

इथपर्यंत लिहिलं. पेन ठेवून मैदानावर गेलो. हिरवीगार तयार हिरवळ. कडेपर्यंत. पोरं अनवाणी खेळत होती.

५ ऑक्टोबर

वहिनींना सांगितलं. कुणालातरी सांगायलाच हवं होतं. म्हटलं, त्या माश्याच याचा पराग इकडून तिकडे नेत होत्या. मला विचारलं होतं आणि मी चालेल म्हणालो.

त्या भाजी चिरत होत्या, हात थांबले. "मग माश्यांचं काम माणसाला करता येत नाही का?"

"येतं. ब्रशने."

"मग रडत काय बसलात? चला."

७ ऑक्टोबर

वहिनींचा भुवयांचा ब्रश, चिंगीच्या चित्रकलेचे दोन ब्रश. मी, वहिनी, आणि थोड्या वेळाने कंटाळत का होईना पण चिंगीही. भिंतीकडच्या फुलातून पराग उचलायचा, ट्रॅककडच्या फुलाला लावायचा. चालायला येणारे विचारतात, रंगवताय का? वहिनी म्हणतात, "लग्नं लावतोय." चिंगी लाजून लाल होते.

आज मन हलकं आहे. उरलेल्या फुलांत पुष्कळ होण्यासारखं आहे. काही शे बिया मिळाल्या तरी पुरे.

२२ ऑक्टोबर

काही नाही. आम्ही हात लावलेली फुलंही तशीच स्वच्छ गळली.

२५ ऑक्टोबर

मॅडम आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, तीन तासांचा बस प्रवास करून. घरात न येता आधी पट्ट्याकडे गेल्या. बराच वेळ उकिडव्या बसून भिंगातून बघत होत्या. इथलं पान, तिथलं पान, परत इथलं. गुडघे दुखत असणार, पण माझा हात घेतला नाही.

"कुठून उचललास?"

"पूर्व कडेवरून."

"सगळा?"

"हो. तिथला सगळ्यात जोमदार होता."

त्या खडकावर टेकल्या. पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला. "अरे, ही शेकडो रोपं नाहीत. हे एकच झाड आहे. जमिनीखालून पसरत पसरत एवढं झालेलं. हा तुकडा आणि तो भिंतीजवळचा तुकडा, एकाच झाडाचे दोन हात."

"पण आम्ही पराग तर—"

"त्याचाच त्याला लावलात. खडकताऱ्याला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्याचा लागतो. हे मी तुला—" आणि त्या थांबल्या.

त्यांनी हे मला शिकवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे मी स्वतः इतकी वर्षं मुलांना शिकवलं. परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं. माश्या असत्या तरीही काही झालं नसतं.

"दुसरा कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

मी भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं.

वहिनींनी त्यांना जेवायला आग्रह केला. त्या नीट जेवल्या, चिंगीशी तिच्या शाळेबद्दल बोलल्या. जाताना बसस्टॉपवर मला म्हणाल्या, "शोध. कुठेतरी एखादा असेल. एक पुरे."

११ नोव्हेंबर

दगडखाण बघितली. तिच्यात आता पाणी आहे आणि काठाने कचरा. गिरणीची मागची भिंत. नदीचा काठ पुलापासून पुलापर्यंत. रेल्वेच्या रुळांची खडी. दफनभूमीचं कुंपण. जुन्या टाकीचं छप्पर, तिथल्या वॉचमनने शिडी धरली आणि विचारलं काय हरवलंय. सांगितलं तर म्हणाला, असलं झाड इथे पुष्कळ येतं. वर गेलो. दुसरंच होतं. सगळीकडे तेच एक दुसरं येतं: बाहेरून आलेलं, लांबट पानांचं, रस्त्याबरोबर पसरणारं. जिथे जिथे माणूस तिथे तिथे ते.

१६ नोव्हेंबर

शेवटची आशा म्हणून साइटवर गेलो, की एखाद्या कोपऱ्यात खरवडायचं राहून गेलं असेल. पिवळं हेल्मेट घालून सपाट केलेल्या जमिनीवर फिरत होतो, तर समोर आणखी तीन पिवळी हेल्मेटं. दादा, वहिनी, चिंगी. दादा हवेत हात करून दाखवत होता, "ही तुझी खिडकी. इथे टेबल. इथून थेट डोंगर दिसेल." चिंगी हवेतच दार उघडून आत जात होती. हसत होती.

मला बघून दादाचा हात खाली आला.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "तुलाही एक खोली आहे त्यात. म्हणून तर मोठा फ्लॅट घेतला."

"कधी घेतलास?"

"मार्चमध्ये."

म्हणजे मला बोलवायच्या आधी. म्हणजे रोज रात्री जेवताना. मी म्हटलं, "रिपोर्टसाठी माझ्यामागे लागला होतास ते यासाठी?"

"मी विचारत होतो. लिहिलास तू. मी तुझा हात धरून लिहायला लावला का? तू म्हणालास यशस्वी, मी म्हटलं, माझा भाऊ म्हणतोय म्हणजे असेल."

मी काहीतरी वाईट बोललो. इथेही लिहीत नाही. चिंगीसमोर बोललो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुरे."

दादा ओरडला नाही, त्यानेच जास्त लागलं. म्हणाला, "आपण राहतो ती इमारत कशावर उभी आहे रे? ती पण माळावरच आहे ना? पहिल्यांदा घर बघायला आलास तेव्हा तू बाल्कनीत उभा राहून काय म्हणालास ते मला आठवतंय. म्हणालास, काय मस्त हवा आहे. तारा कुठे गेला हे तू तेव्हा विचारलं नाहीस."

मला आठवत नाही. पण म्हणालो असेन. तिथे हवा खरंच मस्त आहे.

३ डिसेंबर

कमिटीपुढे सगळं सांगितलं. कंपनीलाही कळवलं, रिपोर्ट मागे घेतो म्हणून. कंपनीचं उत्तर आलं नाही. कमिटीत अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मेलंय का ते?"

"नाही."

"मरणार आहे?"

"लगेच नाही. खूप वर्षं जगेल. पण त्याच्यामागे दुसरं येणार नाही."

"फुलणार आहे का?"

"हो. दरवर्षी."

अध्यक्षांनी बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. "मग नक्की अडचण काय आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दादा टेबलावरचा पेन फिरवत बसला होता. शेवटी पाण्याच्या मोटरीचा विषय निघाला आणि सगळे जिवंत झाले.

१८ जानेवारी

कॉलेजच्या कपाटात मॅडमनी तरुणपणी वाळवून कागदावर चिकटवलेला एक खडकतारा आहे, नदीकाठचा. त्याच्या फळात थोड्या बिया होत्या. मॅडमनी स्वतःच्या हाताने त्या काढल्या आणि पाठवल्या. इतक्या जुन्या बिया उगवत नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. कुंडीत पेरल्या. ऊन चांगलं येतं म्हणून कुंडी चिंगीच्या खिडकीत ठेवली. परवानगी घेतली. तिने मान हलवली. नोव्हेंबरपासून एवढंच बोलते.

१३ फेब्रुवारी

"काका!" अशी हाक आली. मी आंघोळ करत होतो, तसाच टॉवेल गुंडाळून धावलो. कुंडीत हिरवा कोंब. चिंगी कुंडीला हात न लावता दोन्ही हात भोवती धरून उभी होती. वहिनी आल्या. दादाही दारात येऊन थांबला.  मी भिंग आणलं, पण ते ओल्या हातांनी भिजलं, काही दिसेना.

२० फेब्रुवारी

दुसरं पान आलं. लांबट. रस्त्याकडेचंच ते. मातीतून आलं असणार.

चिंगीने विचारलं, "पण हे पण झाडच आहे ना?"

मी हो म्हटलं. ती आता त्याला पाणी घालते.

१ मार्च

कंपनीकडून बोलावणं आलं. रिपोर्ट मागे घेण्याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या गावाला साइट आहे, तिथे डोंगरउतारावर काही वेली आहेत, त्या हलवायच्या. "तुमचा अनुभव आहे," म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. विचार करून सांगतो म्हणालो. मग हो म्हणालो. निदान सगळीकडून थोडं थोडं घ्या, हे सांगायला कुणीतरी असेल. वेळ देतील असं वाटत नाही.

वसाहतीबाहेर एक खोली घेतली, साइटवर बसने ये-जा करणार. वहिनींनी चादरी दिल्या. दादाने पंखा बसवून दिला, स्टुलावर चढून, घामाघूम होत. "जेवतोस ना नीट?" "जेवतो." एवढं बोललो.

५ सप्टेंबर

पुन्हा फुलला. गेल्या वर्षीपेक्षा जास्त. समोर फलक लागलाय: दुर्मिळ वनस्पती, कृपया हात लावू नये. नव्या इमारतीचं नावच "खडकतारा" ठेवलंय, पाचव्या मजल्यापर्यंत बांधून झालीय. आज एक जोडपं लग्नाचे फोटो काढायला आलं होतं. फोटोग्राफर मला म्हणाला, काका, जरा फ्रेमबाहेर व्हा.

झालो.

८ सप्टेंबर

तळमजल्यावरच्या बाई. मागच्या वर्षी पाय सुजलेल्या त्या पोराची आई. त्याला घेऊन आल्या होत्या. पोर आता मोठं झालंय, बुटाने खडकावर ठोकत उभं होतं. म्हणाल्या, "आम्ही बदली होऊन चाललोय. याला हे फूल फार आवडतं. एक तुकडा मिळेल का? जगेल का कुंडीत?"

आजवर सगळ्यांना नाही म्हणत आलोय. अगदी वहिनींनाही. आज तोंडातून नाही निघेना. कुणासाठी राखायचं? एक तुकडा नेला काय, शंभर नेले काय. कडेचा एक हात मुळांसकट सोडवला, ओल्या कागदात गुंडाळला. सांगितलं, माती कमी घाला, पाणी त्याहून कमी. पोराने तो दोन्ही हातांत घेतला.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत आणखी चारजणी डबे घेऊन उभ्या.

१४ नोव्हेंबर, पुढचं वर्ष

मॅडमचा फोन. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आत त्यांना खडकताऱ्यावरचं जुनं लिखाण पुरं करायचंय. "आता कुठे कुठे आहे ते सांग," म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण राहिलंय."

सांगितलं. संरक्षित पट्टा. दोन शाळांची फाटकं. हॉस्पिटलचं अंगण. चौकातलं गोल बेट. आमच्या वसाहतीतल्या निम्म्या बाल्कन्या, वहिनींची धरून. गिरणीच्या बाजूच्या चाळीत पत्र्याच्या डब्यांत. नदीपलीकडे एका दुकानाच्या पायरीशी. आणि तळमजल्यावरच्या बाई जिथे गेल्या त्या गावी, रेल्वेने एक दिवसाच्या वाटेवर. तिथे त्यांच्या शेजाऱ्यांनीही नेलाय.

"नदीपलीकडे?" मॅडम म्हणाल्या. "नदीपलीकडे तो कधीच नव्हता."

"आता आहे."

"इतका लांबवर कधीच नव्हता, अगदी जुन्या नोंदींतसुद्धा."

"नाही."

त्यांच्या पेनचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"आणि हा सगळा?"

"सगळा तोच मॅडम. पूर्व कडेवरचा."

 

"वाढतोय ना पण नीट?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "छान वाढतोय."